बोक्याला शुगर!

आमच्या घरात मधुमेहाचं निदान आधी मुंग्यांनी केलं, डॉक्टरांनी नंतर. बाथरूमच्या कोपऱ्यात गुंड्याचा लिटर बॉक्स असतो. एका सकाळी बघतो तर बारीक लाल मुंग्यांची रांग उंबऱ्यावरून, मोरीच्या कडेकडेनं थेट त्याच्या वाळूत. मी शहाणपणा करून भोवती मुंग्यांच्या खडूची जाड रेघ ओढली. आठवड्यानं बोक्याला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेलो आणि हा किस्सा हसत हसत सांगितला, तेव्हा त्यांनी आधी मला झापलं (खडूबद्दल, ते पुढे येतंच) आणि मग रक्त काढायला सुई घेतली.

गुंड्या म्हणजे दहा वर्षांचा, सात किलोचा, नसबंदी झालेला पिवळा बोका. शुगर निघाल्याची बातमी दोन तासांत सोसायटीभर झाली. आता मराठी घरात मधुमेहाचा तज्ज्ञ नाही असं कधी होतं का? शेजारच्या काकूंनी कारल्याचा रस सुचवला. वरच्या मजल्यावरच्या नानांनी जांभळाच्या बियांची पूड वाटीत घालून आणूनच दिली. शुगर असलेल्या मामानं फोनवर विचारलं, "रोज फिरायला नेतोस का त्याला?" सगळे मनापासून सांगत होते आणि सगळ्यांचा सल्ला माणसासाठीच होता. मांजराची शुगर दिसते आपल्यासारखी, वागते मात्र मांजरासारखी.

गोड न कळणाऱ्याला गोडाचा आजार

पहिली गंमत ही की मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवर गोडाची खूण ओळखायला दोन जनुकांची जोडी लागते. त्यातलं एक मांजरांत कधीच निकामी होऊन बसलेलं आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली हे दाखवून दिलं. नुसत्या घरच्या मनीचंच असं नाही, वाघ आणि चित्त्याचंही तेच. म्हणजे मावशीला गोड कळत नाही आणि भाच्यालाही नाही.

मग गुंड्या श्रीखंडाची वाटी का चाटतो? चक्क्यातल्या स्निग्धांशासाठी. साखर, वेलची, केशर हा सगळा आपला थाट त्याच्या लेखी फुकट.

आणि मुंग्यांचं म्हणाल तर त्यांनी नवं काहीच केलं नाही. मूत्राकडे मुंग्या जमणं हे प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत चरकसंहितेतच नोंदलेलं आहे. मधुमेहातला 'मधु' तिथलाच, आणि डायबेटिस मेलिटसमधला 'मेलिटस'सुद्धा लॅटिनमधला मधच. शुगरची स्ट्रिप निघायच्या कितीतरी आधीपासून मुंग्या हे काम बिनपगारी करत आल्या आहेत.

कुत्रा मित्र असेल, पण स्वादुपिंडानं जवळचं मांजरच

कुत्र्याला मधुमेह झाला तर बहुधा त्याच्या शरीरात इन्शुलिन तयार होणंच थांबलेलं असतं. मांजराचं तसं नाही. त्याची तऱ्हा आपल्या टाइप २ शी जुळते: इन्शुलिन आहे, पण शरीर त्याला जुमानत नाही, आणि मग बनवणाऱ्या पेशी हळूहळू दमतात. या पेशींच्या बेटांत अमायलॉइड नावाचा एक चिवट साका साठतो. माणसात साठतो, मांजरात साठतो, कुत्र्यात नाही. थोडक्यात, मामा आणि गुंड्या यांचं दुखणं एकाच गोत्रातलं.

कोणाला होतो? दर दोनशे-अडीचशे पाळीव मांजरांत एखाद्याला. वय सातच्या पुढे, घरबसं, गुबगुबीत, त्यातून नसबंदी झालेला बोका असेल तर पत्रिकेतले सगळे ग्रह जुळलेच. (म्हणून नसबंदी टाळायची असा अर्थ काढू नका. लठ्ठपणा टाळायचा.) ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या बर्मीज जातीत हा आजार जास्त आढळतो. आणखी एक चोरवाट म्हणजे स्टेरॉइड. खाजेसाठी किंवा दम्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडनं मांजराची शुगर वर जाऊ शकते, त्यामुळे आधी कुठली इंजेक्शनं झाली ती डॉक्टरांना आठवून सांगायची.

दवाखान्याच्या पायरीवरच वाढणारी शुगर

निरोगी मांजर पिशवीत कोंबा, रिक्षानं दवाखान्यात न्या, शेजारी भुंकणारा लॅब्राडोर बसवा आणि मग रक्त तपासा. नुसत्या भीतीनं शुगर तीनशेच्या घरात जाऊ शकते! म्हणून एका आकड्यावर मांजराला मधुमेही ठरवत नाहीत. जोडीला फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी करतात. तिच्यातून मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते, अगदी आपल्या तीन महिन्यांच्या 'एचबीएवनसी'सारखी. तिला लॅब्राडोरची भीती वाटत नाही.

लघवीतली साखरही बघतात. पण मांजराचं मूत्रपिंड साखरेला सहजासहजी बाहेर सोडत नाही. माणसाची साखर १८०च्या आसपास लघवीत उतरू लागते, मांजराची साधारण २५०च्या पुढे गेल्यावर. मुंग्या आल्या तेव्हा गुंड्याचा आकडा बराच वर असणार.

वाळूतले गोळे मोजा

मांजर तक्रार सांगत नाही, वाळू सांगते. लिटरमधले गोळे आधी लिंबाएवढे असायचे, ते मोसंब्याएवढे झाले. पाण्याची वाटी दिवसातून दोनदा भरावी लागायला लागली. खाणं वाढलं आणि वजन मात्र उतरलं. हे मी सगळं पाहिलं आणि 'उन्हाळा आहे' म्हणून सोडून दिलं.

एक खूण मात्र चुकवण्यासारखी नाही. काही मधुमेही मांजरं मागच्या पायांची टाच टेकवून चालतात. मांजर एरवी बोटांवर चालणारं, तोऱ्यातलं जनावर. शुगरनं नसांना इजा झाली की तो तोरा जातो आणि ते सशासारखं बसल्या बसल्या पुढे सरकतं. शुगर आटोक्यात आली की हळूहळू हे पुष्कळदा सुधारतं. कुत्र्यांना मधुमेहात मोतीबिंदू हमखास होतो, मांजरांना क्वचित.

अर्धा थेंब

आता इन्शुलिन. "मला जमणार नाही," हे प्रत्येक जण म्हणतो. मीही म्हणालो. डॉक्टरबाईंनी गुंड्याच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून तंबू केला, सुई तंबूच्या दारातून आत घातली आणि माझ्या हातात सिरिंज दिली. गुंड्या चिकनच्या पेस्टमध्ये तोंड घालून बसला होता. सुई गेली कधी, आली कधी, त्याला पत्ताही लागला नाही. घाम मला फुटला होता.

दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी. आमचं सकाळी सात, संध्याकाळी सात. सुरुवातीचा डोस बहुतेक मांजरांना एका युनिटच्या आसपास असतो. भारतात अजून सर्रास मिळणाऱ्या ४० युनिटच्या बाटलीतून ते काढलं तर भरतं ०.०२५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धा थेंब. सिरिंजमध्ये आहे की नाही हे चष्मा लावून उजेडात धरून बघावं लागतं.

आणि इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे, तेव्हा जरा थांबून वाचा. इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या. लाल टोपणाची ४०ची, नारिंगी टोपणाची १००ची. १००च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं एका रेघेएवढं काढलं तर बोक्याच्या अंगात एकाऐवजी अडीच युनिट जातात. माणसाला अडीच युनिट म्हणजे काहीच नाही. सहा-सात किलोच्या जिवाला ती फार मोठी उडी आहे. घरातल्या आजोबांची सिरिंज 'आहेच की' म्हणून उचलायची नाही. आम्ही फ्रिजच्या दारात गुंड्याचा वेगळा डबा केलाय, वर लाल मार्करनं '४०' लिहिलंय. शेजारी लसणाची चटणी आहे, ती मात्र सगळ्यांची.

बाटली फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेलं इन्शुलिन फेकून द्यायचं. काही इन्शुलिन जोरात हलवायची असतात, काही तळहातांत हळुवार घोळवायची. कुठलं कसं, ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, एकदा वाचून घ्यावं.

एक मजेशीर धागा सांगतो. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधलं ते कुत्र्यांवर प्रयोग करून. पुढे कित्येक दशकं माणसं गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवर जगली. इन्शुलिनमध्ये एकूण ५१ अमिनो आम्लं. कुत्र्याचं इन्शुलिन डुकराच्या इन्शुलिनशी तंतोतंत जुळतं, तर मांजराच्या आणि गाईच्या इन्शुलिनमध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक. माणसापासून मांजर चार पावलं लांब. म्हणजे या बाबतीत गुंड्याला आपल्यापेक्षा गोमाता जवळची.

उपास? मुळीच नाही!

"एक वेळचं बंद कर, आपोआप उतरेल," हा नानांचा दुसरा सल्ला. माणसाला कदाचित मानवेल, जाड्या मांजराच्या जिवावर बेतू शकतं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी धावत यकृताकडे जाते आणि यकृत तिच्याखाली गुदमरतं. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. म्हणून मांजराला एकादशी नाही, संकष्टी नाही. वजन उतरवायचं तेही सावकाश, महिन्यांच्या हिशेबानं.

आणि आपल्याकडच्या मांजराचं पारंपरिक ताट कोणतं? दूध-पोळी, दूधभात. मांजराच्या लाळेत पिठूळ पदार्थ पचवणारं अमायलेज नसतं, आणि त्याच्या यकृताला एकदम आलेली साखर सावरायची सवय नसते. ते पक्कं मांसाहारी जनावर. दिवसरात्र प्रथिनांपासून स्वतःची साखर स्वतः बनवत बसणारं. पोळी त्याला आपण शिकवली. पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधातलं लॅक्टोजही पचत नाही. म्हणून मधुमेही मांजराला कमी कर्बोदकांचं, जास्त प्रथिनांचं, शक्यतो ओलं खाणं देतात. कोरड्या दाण्यांना आकार देण्यासाठीच मुळात पिठूळ पदार्थ घालावे लागतात, म्हणून पाऊच किंवा डबा बरा पडतो. नुसते बांगडे-मांदेलीही पूर्ण आहार नव्हे. काय आणि किती ते डॉक्टरांना विचारून ठरवायचं. इन्शुलिन चालू असताना खाणं एकदम बदललं तर तोच डोस जड होऊ शकतो.

कारलं गुंड्यानं हुंगलं आणि त्यावर वाळू लोटल्यासारखा पंजा फरशीवर घासला. काकूंना मी फक्त "त्याला आवडलं नाही" एवढंच सांगितलं.

आता तो खडू. मांजराच्या यकृतात एक उणीव आहे: आपण सहज निकामी करून टाकतो अशी कित्येक रसायनं त्याला नीट फोडता येत नाहीत. पॅरासिटामॉलची गोळी त्याच्यासाठी विष आहे. मुंग्यांच्या खडूत असतात ती पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशकंही मांजरांना बाधतात. रेघेवरून चालायचं आणि मग पंजे चाटायचे, हा तर त्याचा दिनक्रम. डॉक्टरबाई झापणार नाहीत तर काय करतील? घरी येऊन आधी ती रेघ पुसली.

कानाच्या टोकावरचा आकडा

शुगर घरी मोजता येते. कानाच्या कडेला एक बारीक शीर असते. कोमट कपड्यानं कान शेकायचा, कडेवर जरासं व्हॅसलीन लावायचं म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मागे कापसाचा बोळा धरून टोचायचं. पहिल्या दिवशी चार स्ट्रिप वाया गेल्या आणि कापसाऐवजी माझंच बोट टोचलं गेलं. (१०४. निदान माझं तरी बरं आहे.) आता दहा सेकंदांचं काम.

घरातलं माणसाचं मीटर चालेल का? चालतं, पण ते मांजराचा आकडा बहुधा कमी दाखवतं. कारण गमतीदार आहे. आपल्या रक्तातली बरीचशी साखर तांबड्या पेशींत असते, साधारण ४२ टक्के. मांजरात तिथे जेमतेम ७ टक्के, बाकी सगळी प्लाझ्मात. माणसाच्या मीटरचं गणित माणसाच्या रक्तावर बसवलेलं, म्हणून ते मांजराकडे चुकतं. प्राण्यांसाठी वेगळी मीटरं निघाली आहेत. तुम्ही कुठलं वापरता ते डॉक्टरांना सांगा आणि मग रोज तेच वापरा. दंडाला लावतात ती चौदा दिवसांची सेन्सरची चकतीसुद्धा आता मांजरांना लावतात, थोडे केस भादरून. ती उपटून टाकायची कला मात्र मांजरं स्वतः शिकतात.

मध ठेवा. हो, मधच

मधुमेही मांजराच्या घरात मधाची बाटली हाताशी हवी. इन्शुलिन जास्त झालं किंवा बोक्यानं जेवण टाळलं तर शुगर एकदम खाली येते. मग तो लडखडतो, भिंतीला टेकतो, नजर हरवते, झटकेही येऊ शकतात. अशा वेळी बोटानं थोडा मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळायचं आणि तडक डॉक्टरांना फोन करायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही. आणि जेवण न घेतलेल्या मांजराला नेहमीचा डोस डोळे मिटून टोचायचा नाही, आधी विचारायचं. एखादा डोस चुकला तर आभाळ कोसळत नाही. चुकून दोनदा दिला तर मात्र खरंच धावाधाव. आमच्याकडे फ्रिजवर कालनिर्णय आहे. देणाऱ्यानं त्या चौकटीत लगेच टिक करायची. दुधाचा हिशेब आता तिथून हलवलाय.

सुई नको म्हणणाऱ्यांसाठी

अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही मांजरांसाठीची पहिली मधुमेहाची गोळी मंजूर झाली, आणि २०२३ मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन हे पातळ औषध. जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढून टाकणं हे त्यांचं काम. नव्यानंच निदान झालेलं, बाकी धडधाकट आणि कधी इन्शुलिन न घेतलेलं मांजर असेल तरच ही औषधं. धोका असा की शुगरचा आकडा छान दिसत असतानाही रक्तात कीटोन वाढून मांजर गंभीर आजारी पडू शकतं. 'काकांच्या गोळीच्या नावातही फ्लोझिन आहे' म्हणून अर्धी मोडून घालायची नाही. आणि मामाची लाडकी मेटफॉर्मिन मांजराला फारशी लागू पडतच नाही.

आणि कधी कधी मधुमेह निघूनही जातो

ही बातमी मला डॉक्टरबाईंनी सगळ्यात शेवटी सांगितली, मी रडवेला झाल्यावर. लवकर आणि नेटानं उपचार सुरू झाले तर कित्येक मांजरांचं इन्शुलिन सुटतं. दमलेल्या पेशींना विसावा मिळतो आणि त्या परत कामाला लागतात. घरच्या घरी वरचेवर शुगर मोजत ग्लार्जिन इन्शुलिन दिलेल्या ५५ मांजरांचा अभ्यास २००९ साली छापून आला. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही शिस्त सुरू झालेल्यांपैकी ८४ टक्के मांजरं इन्शुलिनमुक्त झाली, उशिरा आलेल्यांपैकी ३५ टक्के. सगळ्या अभ्यासांत एवढं घवघवीत यश नाही, आणि गेलेली शुगर काहींकडे परतही येते. तरीही, कुत्र्याच्या मालकाला हेवा वाटावा असा हा मुद्दा आहे.

उलट काहींची शुगर कितीही युनिट दिली तरी हलत नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत जवळपास दर चार मधुमेही मांजरांत एकाच्या रक्तात वाढीच्या संप्रेरकाचा अतिरेक असल्याची खूण सापडली. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीवरच्या छोट्या गाठीमुळे हे होतं. यातल्या काहींचा चेहरा हळूहळू रुंद होतो, पंजे मोठे होतात, आणि घरचे म्हणतात, "कसा छान भरलाय!"

गुंड्या अडीच महिन्यांत अर्ध्या युनिटवर आला, नंतरच्या महिन्यात शून्यावर. वजन पावणेसहा. पण संध्याकाळी सातला अजून फ्रिजसमोर येऊन बसतो. सुई बंद झाली हे त्याला ठीक आहे, तिच्याबरोबरची चिकनची पेस्ट का बंद झाली हे त्याला कळत नाही.

गणपतीत एका सकाळी बाथरूमच्या उंबऱ्यावर पुन्हा लाल मुंग्या. माझ्या पोटात गोळा आला. अनवाणीच रांगेमागे गेलो. ती मोरीच्या कडेनं आली, लिटर बॉक्सला वळसा घालून पुढे गेली, पॅसेज ओलांडून स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्यावर चढून मोदकांसाठी काढून ठेवलेल्या गुळाच्या डब्यात उतरली. झाकण नानांनी उघडं टाकलं होतं.